सावलीतले वळ

आप्पांचा हात ज्याच्यावर कधी पडला नाही असं त्या घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची धाकटी लेक. बाकी त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. आईचा डावा कान त्यांच्या एका चपराकीत कायमचा गेला. त्यानंतर कुणी बोलायला लागलं की ती उजवी बाजू पुढे करून ऐकायची, आणि लोक म्हणायचे, बाई किती मन लावून ऐकते! दादा शाळेत असताना एका लाथेत त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आप्पा फाउंड्रीत मुकादम होते. तिथे एका फिटरनं उलट उत्तर दिलं, तर सगळ्यांच्या देखत त्याचे पुढचे दात पाडले आणि पुन्हा कामाला लागले, जसं काही मधे नाक शिंकरून आले. मारताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. कमरेचा पट्टा सुटताना बकलाची किणकिण व्हायची, तेवढाच काय तो आवाज. मग दादाचा.

धाकटी दाराआडून बघायची. मार संपला की आप्पा तिला उचलून खांद्यावर घ्यायचे आणि बाहेर एक चक्कर मारून आणायचे. त्यांचा तळहात तेव्हा कढत असायचा. तिला ते आवडायचं. मोठी झाल्यावर हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

आता आई नव्हती. मेंदूला झटका येऊन गेल्यापासून आप्पांचा डावा हात नुसता लोंबत होता आणि डोक्यातलं निम्मंअधिक पुसलं गेलं होतं. उजवा हात मात्र होता तसाच. ते दादाकडे राहायचे. दादा लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. वहिनी दिवसभर घरात, त्यामुळे आप्पांचं खाणंपिणं, हागणंमुतणं सगळं तिच्या गळ्यात. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागची खोली हेच तिचं घर. रविवारी ती फळं घेऊन आप्पांना भेटायला जायची, थोडा वेळ टेकायची, त्यांची नखं कापायची आणि परत यायची. आपण बऱ्यापैकी चांगली मुलगी आहोत असं तिला वाटायचं.

त्या सुमारास तिच्याकडे जरा निराळं काम आलं. जुनी तैलचित्रं साफ करून डागडुजी करणारी एक बाई होती. तिनं आपला कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा बिघडलेला नाही. पण मला हवं ते दाखवत नाही."

"काय हवंय?"

"काळं. चित्रातला काळोख. मागचे पडदे, कोपरे, सावल्या. तिथेच आधीच्या कुणीतरी ठिगळं मारलेली असतात. फोटो काढून सावली उजळायला गेलं की नुसता भुगा दिसतो. रंग कुठला आणि भुगा कुठला, कळत नाही."

धाकटीचे डोळे चमकले. हे तिच्या आवडीचं दुखणं होतं. सेन्सरवर प्रकाश पडला की बारीकसा संकेत तयार होतो. कॅमेरा तो वाढवतो आणि मग आकड्यांत उतरवतो. किती वाढवायचा, त्याचं माप म्हणजे आयएसओ. कंपनी सगळ्यात खालची पायरी शंभरावर ठेवते आणि पुढे रस्ता बंद. पण त्या शंभरातही संकेत गरजेपेक्षा थोडा जास्तच ताणलेला असतो, हे काही हौशी डोकेबाजांनी शोधून काढलं होतं. त्यांनी एक फुकट प्रोग्रॅम लिहिला होता. तो मेमरी कार्डावर टाकून कॅमेरा चालू केला, की कंपनीनं झाकून ठेवलेले आतले आकडे उघडे पडायचे. तो ताण जरा सैल करायचा, प्रकाश जास्त वेळ आत येऊ द्यायचा, की सेन्सर काठोकाठ भरायचा आणि सावल्यांमधला तो रवाळ भुगा, फोटोवाले ज्याला नॉइज म्हणतात तो, खाली बसायचा. गढूळ पाणी ठेवून दिल्यावर निवळतं तसं.

फार सैल केलं तर मात्र फसायचं. सेन्सर आधीच तुडुंब भरलेला आणि आकडा अजून वर पोचलेला नाही, अशी गत व्हायची आणि पांढऱ्या कापडावर गुलाबी झाक यायची. धाकटी आठवडाभर त्याच्याशी झटली. आकडा खाली, फोटो, गुलाबी. आकडा जरा वर, फोटो, गुलाबी गेलं पण भुगा परत. शेवटी दोन्हीच्या मधली जागा सापडली तेव्हा तिनं स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. आता खरी परीक्षा हवी होती: एका बाजूला पांढरंशुभ्र, दुसऱ्या बाजूला दाट सावली, मधे माणसाची कातडी, आणि ते माणूस दगडासारखं स्तब्ध बसायला हवं. असं माणूस तिला ठाऊक होतं.

रविवारी ती फळांबरोबर कॅमेरा आणि स्टँडही घेऊन गेली. आप्पा खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत बसले होते. पांढरा शर्ट, लांब बाह्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"वहिनी, एवढ्या उकाड्यात गळाबंद?"

"त्यांना थंडी वाजते," वहिनी म्हणाली आणि चहाचं बघायला आत गेली.

फोटो काढायचा म्हटल्यावर आप्पांनी मान ताठ केली. त्यांना आयुष्यभर फोटो काढून घ्यायची हौस. खिडकीकडची बाजू उजेडात, दुसरी अंधारात, आणि श्वाससुद्धा मोजून घेतल्यासारखे ते बसून राहिले. धाकटीनं भरपूर फोटो घेतले. निघताना दादा कामावरून आला. बहिणीकडे बघून मान हलवली, आप्पांकडे बघितलं नाही, आणि सरळ न्हाणीघरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धंच उघडून तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेतले. शर्ट पांढरा, गुलाबीचा मागमूस नाही. मग तिनं काळोखी बाजू उचलायला सुरुवात केली. सावली वर वर येत गेली आणि भुगा नाहीच! खुर्चीच्या वेताची वीण, कानातले केस, गालाची खुंटं, सगळं निवळशंख. ती एकटीच मोठ्यांदा हसली. आणि मग तिला कानामागून गळ्याकडे उतरणारे पट्टे दिसले.

ती चरफडली. आकडे हलवले की कधी कधी चित्रात असे पट्टे उमटतात, सेन्सरच्या रांगांचे. म्हणजे आठवड्याची मेहनत पाण्यात. तिनं त्याच आकड्यांवर समोरच्या भिंतीचा फोटो काढला, सावली उचलली. भिंत स्वच्छ. छताचा काढला. स्वच्छ. काळ्या कापडाचा काढला. एक रेघ नाही.

ती परत आप्पांच्या फोटोकडे आली आणि तो मोठा करत गेली. सेन्सरचे पट्टे पट्टीनं आखल्यासारखे सरळ असतात. हे मानेच्या गोलाईबरोबर वळत होते. एकाखाली एक चार होते, कडेला गडद आणि मधे फिकट. जिथे कॉलर संपत होती तिथे पाचवा आत शिरत होता. तिनं हाताकडे सरकवलं. खुर्चीच्या हातावर टेकलेलं मनगट, वर सरकलेली बाही, आणि बाहीच्या खाली काळंनिळं कडं, दोरीचा पीळ मोजता यावा इतकं स्पष्ट.

पट्ट्याचे वळ कसे उठतात ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती दादाच्या पाठीवर बघत लहानाची मोठी झाली होती.

वखारीत करवत चालू होती. धाकटी कॅमेरा छातीशी धरून भुशातून चालत गेली आणि दादाच्या समोर उभी राहिली. त्यानं हातातला ओंडका पुरता कापून काढला, मग खटका बंद केला. करवत आवाज खाली आणत थांबली. उजळलेला फोटो तिनं परत कॅमेऱ्यात घातला होता; कॅमेऱ्याची पाठ तिनं त्याच्यासमोर धरली.

"हे कुणी केलं?"

दादानं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "मी," तो म्हणाला.

येताना वाटभर तिनं तो काय काय थापा मारेल आणि आपण त्याला कसं कोंडीत पकडू, याची जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं.

"तू?"

"मग कोण? परका येऊन मारून जाईल? तुझ्या वहिनीचा दंड बघितलायस? भाजलाय. उकळता चहा फेकला त्यांनी. त्याच्या आधी तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. एका हातानं. एक हात पुरतो त्यांना."

"म्हणून बांधून ठेवायचं? पट्ट्यानं मारायचं? दादा, म्हातारं माणूस आहे ते. त्यांना कळत नाही."

"कळत होतं तेव्हा काय वेगळं करत होते?"

"तुला लाज नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली," दादा म्हणाला. आजूबाजूची माणसं हातातलं काम सोडून बघत होती. त्यानं त्यांची पर्वा केली नाही. "दुसऱ्यांदा जरा कमी. आता मी कामावरून निघालो की वाटेत माझा हात शिवशिवायला लागतो. ऐकायचंय अजून?"

धाकटीनं त्याच्या कानशिलात लगावली. असा जोरात हात तिनं आयुष्यात कुणावर उगारला नव्हता. तळवा झणझणला. दादाचं तोंड एका बाजूला फिरलं, पुन्हा सरळ झालं, आणि पुढचं तिला दिसलंच नाही. त्याचे दोन्ही पंजे तिच्या खांद्यावर आदळले, पाय भुशावरून घसरले, आणि तिची भुवई फळ्यांच्या थप्पीच्या कोपऱ्यावर फुटली.

माणसं धावली. कुणी दादाला मागे ओढलं, कुणी तिच्या कपाळावर फडकं दाबलं. डोळ्यात रक्त उतरत होतं. कॅमेरा तिनं पोटाशी धरला होता, त्याला काही झालं नव्हतं.

"ने त्यांना!" दादा माणसांच्या हातांतून सुटायला बघत ओरडत होता. "ने तुझ्या घरी! लाडकी ना तू? ठेवून घे आणि मग मला शिकवायला ये!"

"नेतेच," ती म्हणाली.

ती तशीच तडक घरी गेली. दार वहिनीनं उघडलं आणि तिच्या तोंडाकडे बघून भिंतीला टेकली. काय झालं, हे तिनं विचारलं नाही. धाकटी म्हणाली, "आप्पांचे कपडे भर, मी घेऊन चाललेय," तेव्हा वहिनीनं मुकाट्यानं कपाट उघडलं आणि घड्या काढून पिशवीत टाकायला लागली. बाही वर सरकली तेव्हा दंडावरची भाजल्याची खूण दिसली, ताजी, अजून ओली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू, वन्सं? सासरे मारतात हे सांगू, की त्यांना नवरा मारतो हे सांगू? आणि तुम्हाला सांगून? तुमच्यासमोर ते फळं खातात गुपचूप."

आप्पा खुर्चीत होते. धाकटी त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि त्यांच्या पायात चपला घालायला लागली. "चला आप्पा, आपल्याला जायचंय." आप्पांनी खाली बघितलं. कपाळ फुटलेली, गालावर रक्त ओघळलेली बाई त्यांच्या पायाशी बसली होती. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, पण ती तिची नव्हती.

"आलीस परत?" ते शांतपणे म्हणाले. "एवढ्यानं भागलं नाही वाटतं तुझं?"

ते आईशी बोलत होते. धाकटीला ते कळलं, आणि कळेपर्यंत उशीर झाला होता. शेजारच्या स्टुलावरचा तांब्या त्यांच्या उजव्या हातात आला आणि तिच्या डाव्या कानावर बसला. पाणी उडालं. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा पुन्हा डोक्यात. ती हात वर करायचंसुद्धा विसरली. दाराआडून शेकडो वेळा बघितलेली गोष्ट आतून अशी असते, एवढंच तिच्या डोक्यात आलं. आवाज दूर गेला होता. आप्पांचा चेहरा स्थिर होता, खिळा ठोकणाऱ्या माणसासारखा.

दादा तिच्या मागोमागच निघाला असावा. तिला लागलेलं बघून त्याचा धीर सुटला होता, असं त्यानं नंतर सांगितलं. दारात पाय ठेवला तो त्याला हे दिसलं. त्यानं आरोळी ठोकली आणि खुर्चीसकट आप्पांना आडवं केलं. मग लाथा. पहिली बरगडीत बसली तेव्हा ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. "तिला? तिलाही?" प्रत्येक लाथेबरोबर तो तेवढंच म्हणत होता. आप्पा कुशीवर वळले आणि त्यांनी त्याही अवस्थेत दादाच्या पोटरीला दात लावले. धाकटी गुडघ्यांवर पुढे सरकली आणि आप्पांच्या अंगावर पडली. एक लाथ तिच्या पाठीत बसली. दादाला आता कोण खाली आहे आणि कोण वर आहे, याचा पत्ता नव्हता. त्यानं एका हातानं उलट्या पडलेल्या खुर्चीचा पाय धरला, दुसऱ्यानं तो तिला बाजूला ओढायला लागला.

वहिनी स्वयंपाकघरातून आली तेव्हा तिच्या हातात लोखंडी तवा होता. ती ओरडली नाही, थांब म्हणाली नाही. खुर्चीचा पाय धरलेल्या दादाच्या पंजावर तिनं दोन्ही हातांनी तवा घातला. मग पुन्हा घातला.

दादा खाली बसला. तो आपल्या बोटांकडे बघत होता, बोटं वेगवेगळ्या दिशांना बघत होती.

"बास," वहिनी म्हणाली. "आता बास झालं सगळ्यांचं." तिनं तवा जाग्यावर नेऊन ठेवला आणि शेजाऱ्याला गाडी काढायला सांगायला गेली.

हॉस्पिटलात एका पडद्याआड आप्पा, दुसऱ्या पडद्याआड दादा, मधल्या बाकावर धाकटी भुवईला टाके घालून बसलेली. आप्पांच्या तीन बरगड्यांना तडे होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा शर्ट काढला, पाठ बघितली, आणि बाहेर येऊन धाकटीला विचारलं, "पडले म्हणून सांगणार आहात का मला?"

"नाही," धाकटी म्हणाली. "मारलंय."

पोलीस आला. धाकटीनं त्याला कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. इतके स्वच्छ फोटो बघून तोही चपापला. पडद्यावर बोट ठेवून वळ मोजायला लागला. मग तो आप्पांच्या खाटेशी गेला, वाकला आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, कुणी मारलं तुम्हाला? मुलानं मारलं का?"

आप्पांना श्वास घेताना दुखत होतं. तरी ते हसले. "त्यानं? मला?" ते म्हणाले. "त्याची छाती आहे का माझ्यावर हात टाकायची!"

"मग हे वळ कसले?"

"फाउंड्रीत भाजलं."

पोलिसानं पुन्हा पुन्हा विचारलं. आप्पांनी त्याला शिवी घातली आणि भिंतीकडे तोंड केलं. पडद्यापलीकडे दादा हे ऐकत होता. धाकटीला त्याचा हुंदका ऐकू आला. तो कशाचा होता, ते तिनं विचारलं नाही. पोलिसानं दादाला बाहेर घेऊन झाप झाप झापलं, पुन्हा तक्रार आली तर सोडणार नाही म्हणाला, आणि निघून गेला.

आप्पा धाकटीकडे आले. दुकानामागच्या खोलीत एक खाट होती, ती त्यांची झाली. धाकटी खाली गादी टाकायची. सुरुवातीला बरगड्यांमुळे त्यांना हलता येत नव्हतं, तेव्हा सगळं सुरळीत चाललं. ती त्यांना भरवायची, पुसायची, दाढी करून द्यायची. धाकटीचं काम चित्रवाल्या बाईला इतकं आवडलं होतं की तिनं आणखी दोन कॅमेरे आणून दिले होते. आप्पा खाटेवरून बघायचे आणि धाकटी आकडे खालीवर करत बसायची. दादाला मनात शिव्या घालायला तिला वेळही होता आणि सोयही.

मग बरगड्या भरून आल्या.

पहिल्यांदा त्यांनी वाटी फेकून मारली. मग दाढी करताना तिच्या हातातून वस्तरा हिसकायला बघितला. तिनं वस्तऱ्यानं दाढी करणंच बंद केलं. मग कपडे बदलताना गुडघा मारायला लागले, पोट बघून. त्यांच्या लेखी ती कधी आई असायची, कधी फाउंड्रीतला कुणी. धाकटी मात्र ती क्वचितच असायची. ती वाकायला शिकली, अंतर ठेवायला शिकली, ताट लांबून सरकवायला शिकली. दंडावर निळे डाग आले तशी तीही लांब बाह्या घालायला लागली. गिऱ्हाइकांना वाटायचं, आजारी दिसतेय. वहिनी फोन करायची. "कसं आहे, वन्सं?" "छान चाललंय," ती म्हणायची. दादाशी ती बोलत नव्हती.

त्या दुपारी दुकानात कुणी नव्हतं. चित्रवाल्या बाईचा तिसरा कॅमेरा धाकटीनं स्टँडवर लावला होता, लेन्स काढलेली, आतला पडदा वर, सेन्सर उघडा. त्यावरची धूळ काढायची होती. ती हवा मारायचा रबरी फुगा आणायला वळली. आप्पा खाटेवरून कधी उठले, तिला कळलं नाही. त्यांनी स्टँड उजव्या हातानं धरला, उचलला आणि फरशीवर आपटला. एकदा नाही, कॅमेऱ्याचे तुकडे होईपर्यंत. सेन्सरची काच तिच्या पायाशी येऊन पडली, इंद्रधनुष्यासारखी चमकत. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. या वेळी त्यांनी तिला ओळखलं होतं. "धाकटे," ते म्हणाले आणि हसले.

तिनं त्यांना मारलं.

आधी उघड्या हातानं, तोंडावर. ते खाटेवर बसले. मग पुन्हा. मग मूठ वळली आणि ती खांद्यावर, मानेवर, जिथे लागेल तिथे मारत सुटली. आप्पांनी उजवा हात उगारला तर तिनं तो मनगटात धरून खाली दाबला आणि दुसऱ्या हातानं मारत राहिली. तिला बरं वाटत होतं. अंगातून काहीतरी मोकळं होत होतं, आणि ते संपू नये असं वाटत होतं. आप्पांनी डोकं खांद्यांत लपवायला बघितलं. "नको ना," ते म्हणाले. "नको ना, नाही करणार." तो आवाज त्यांचा नव्हता, कुठल्यातरी पाच-सहा वर्षांच्या पोराचा होता.

धाकटी थांबली. तिचा तळहात कढत झाला होता.

तिनं दुकानात येऊन फोन लावला. दादानं उचलला. मागे करवत चालली होती.

"दादा," ती म्हणाली, "माझ्याकडून झालं."

करवत बंद झाली. तिला वाटलं, आता हा हसेल, आता टोमणा मारेल, मारू दे.

"श्वास चालू आहे ना त्यांचा?"

"आहे."

"रक्त?"

"ओठातून. थोडं."

"तू बाहेर पायरीवर जाऊन बस. मी येतोय. मी येईपर्यंत आत जायचं नाही. काही ऐकू आलं तरी जायचं नाही. कळलं?"

ती पायरीवर बसली. समोरून माणसं जात होती, कुणी ओळखीचं हात करत होतं, ती मान हलवत होती. दादा वहिनीला घेऊन आला. त्याची दोन बोटं वाकडीच जुळली होती. तो आत न जाता तिच्या शेजारी पायरीवर बसला. वहिनी दोघांच्या मधून आत गेली. पाण्याचा आवाज आला, मग तिचा, "बसा, काही नाही, बसा," असा.

"मला आत गेल्यावर माझा भरवसा नाही," दादा म्हणाला.

"मलाही."

"हात दुखतोय?"

तिनं मान डोलावली. त्यानं आपल्या वाकड्या बोटांनी तिचा पंजा धरला आणि गुडघ्यावर ठेवून घेतला.

आप्पांना त्यांनी शहराबाहेरच्या एका वृद्धांच्या आश्रमात ठेवलं. जागा आधी कुणी देईना. मारणारा म्हातारा कुणाला हवा? तिथली मुख्य परिचारिका मात्र ऐकून घाबरली नाही. तिच्याकडे असे आणखीही होते. दोन दणकट माणसं होती, ती आप्पांचा उगारलेला हात अलगद धरायची, बाजूला वळवायची आणि सोडून द्यायची, दिवसातून कितीही वेळा, आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायची. धाकटीनं चित्रवाल्या बाईला कॅमेऱ्याचं खरं ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, उरलेले दोन कामाला येतील.

भावंडांनी एक ठरवून घेतलं: भेटायला जायचं ते दोघांनी मिळून. एकट्यानं कधीच नाही. सोबत वहिनी असायची किंवा नसायची. आप्पा कधी ओळखायचे, कधी नाही. कधी ते जेवणाचं ताट लोटून द्यायचे आणि दोघं चटकन मागे सरकायची, मग एकमेकांकडे बघायची.

एकदा परतीच्या बसला उशीर होता. थांब्यावर दोघंच होती. दादा पायानं खडे सरकवत होता.

"तुला कधीच का नाही मारलं त्यांनी?" त्यानं विचारलं. "लहानपणी, म्हणतो मी."

"मी विचारलं होतं एकदा. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं तेव्हा."

"मग?"

"म्हणाले, तू लहान होतीस."

दादानं खडा लांब सरकवला. "लहान तर मीही होतो," तो म्हणाला.

बस आली. आत गर्दी नव्हती, तरी दोघं एकाच बाकावर दाटीवाटीनं बसली. दादानं खिडकीची जागा तिला दिली आणि तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.